अठरा पावलं

जेद्दात हिवाळा येतो म्हणजे एसी बंद होतो, बाकी काही होत नाही. धुकं नाही, शेकोटी नाही, स्वेटर नाही. खिडकीतल्या त्या डब्याची दहा महिन्यांची घरघर एका सकाळी थांबलेली असते आणि ती थांबल्यामुळेच जाग येते. मग शराफियातल्या आमच्या इमारतीत एकेक आवाज ऐकू यायला लागतो. खालच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, पावाच्या ट्रे उतरवतात त्याचा, वरच्या हैदराबादी बाईंच्या कुकरचा, समोरच्या गच्चीवरच्या कबुतरांचा. बायको चहा ओतताना म्हणते, "बरं वाटतं नाही, असं शांत?" मी हो म्हणतो. मला अजिबात बरं वाटत नाही. हा मोसम सुरू झाला की माझा डावा तळहात दुखायला लागतो, अंगठ्याच्या बुडाशी. डॉक्टरला दाखवला. त्यानं एक्स-रे काढला आणि सांगितलं की हाड उत्तम आहे. हाड उत्तम असणारच. तिथं चेंडू लागायचे ते काही हाड मोडणारे नव्हते, नुसते लक्षात राहणारे होते.

मुलीच्या टेबलावर एक कप आहे. सोनेरी मुलामा दिलेला, खाली काळं लाकूड, त्याच्यावर इंग्रजीत 'सर्वोत्कृष्ट यष्टिरक्षक' असं कोरलेलं आणि माझं नाव. नावातलं एक अक्षर चुकलेलं आहे. त्या कपात ईशा वाळून गेलेली स्केचपेनं ठेवते. परवा तिनं पेन शोधताना तो उपडा केला आणि विचारलं, "पापा, ये सच में आपका है? यू वेअर दॅट गुड?" ईशा माझ्याशी मराठीत फक्त भूक लागल्यावर बोलते. मी म्हटलं, "होतो बरा." ती हसली. तिला वाटलं बाबा नम्रपणा करतायत. मी नम्रपणा करत नव्हतो. तो कप मला ज्या गोष्टीसाठी मिळाला ती गोष्ट म्हणजे एक गुन्हा होता, आणि आमच्या सगळ्या कामगार कॅम्पनं त्या गुन्ह्याला टाळ्या वाजवल्या होत्या.

तो हिवाळा रास तनुराचा, सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या तेलाच्या गावातला. त्याला नऊ वर्षं झाली. तिथला हिवाळा खरा हिवाळा असतो, हाडात शिरणारा. समुद्रावरून ओलं धुकं येतं आणि रिफायनरीच्या उंच चिमणीवरची ज्योत त्या धुक्यात नुसता एक केशरी डाग होऊन राहते. शुक्रवारी पहाटे आम्ही वीस-बावीस जण बसमधून कॅम्पबाहेरच्या मैदानावर उतरायचो. मैदान म्हणजे खारट, कडक झालेली माती. बुटाखाली पापडासारखी मोडायची. मधे सिमेंटची पट्टी, तिच्यावर हिरवं मॅटिंग, चार कोपऱ्यांना खिळे. खिळे ठोकायचा हातोडा हातात धरवत नसे इतका गार. कोणीतरी डिझेलचा वास लागलेल्या थर्मासमधून चहा ओतायचा. आणि मग एका बाजूला, एकटाच, अंगात दोन शर्ट घालून, मंगेश नुसता हात फिरवत उभा असायचा.

मंगेश गुहागरच्या बाजूचा, तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा. कागदोपत्री तो स्कॅफोल्डर होता. म्हणजे उंचावर काम करणाऱ्यांसाठी पाइप आणि फळ्यांचं मचाण बांधणारा. प्रत्यक्षात तो बोलर म्हणून आणलेला होता. आमचे सुपरवायझर काजीभाई, श्रीवर्धनचे, कंपनीच्या टीमचे कप्तान. ते रजेवर गावी गेले असताना कुठल्याशा गावाच्या सड्यावर क्रिकेटचे सामने बघायला थांबले. कोकणातला सडा म्हणजे काळा कातळ, त्याच्यावर पळणं म्हणजे गुडघ्यांशी वैर. त्या कातळावर हा पोरगा अनवाणी धावत येऊन टेनिसचा चेंडू असा टाकत होता की फलंदाज बॅट आणण्याच्या आत स्टंप पडलेला. काजीभाईंनी तिथंच त्याला विचारलं, "पासपोर्ट आहे काय रे तुझा?" तीन महिन्यांत मंगेश रास तनुरात हजर. मुंबईला ट्रेड टेस्टमध्ये त्याला पाइपला क्लॅम्प लावून दाखव म्हणाले, तर त्यानं उलटा लावला आणि तरी तो पास झाला. हे तो स्वतःच सांगायचा आणि पोट धरून हसायचा. म्हणायचा, "माला बोलिंगवर व्हिसा मिळालाय दादा, कामावर नाय."

दादा मीच. मी लांज्याचा, पाइप फिटर, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा आणि टीमचा विकेटकीपर. एकाच खोलीत आमचे बंक, त्याचा वरचा, माझा खालचा.

पहिल्या शुक्रवारी मी नेहमीसारखा स्टंपमागे दहा-अकरा पावलांवर उभा राहिलो. त्याचा पहिला चेंडू माझ्या कपाळावरून गेला. मी तो पाहिलासुद्धा नाही. फाइन लेगला बाउंड्रीवर जाऊन पडला आणि बाइज चार. काजीभाई स्लिपमधून ओरडले, "सावंत, माग हो, माग! जीव प्यारा हाय ना?" मी मागं सरकत सरकत गेलो. सरकताना पावलं मोजली. अठरा पावलांवर चेंडू छातीशी यायला लागला. तिथं मी बुटाच्या टाचेनं मातीत आडवी रेष ओढली. खारट माती, रेष पांढरी उमटायची आणि लांबून दिसायची. त्या रेषेवर उभं राहून त्याचा चेंडू ग्लव्हजमध्ये घेणं, हे सुख होतं. दुसरा शब्द नाही. धुक्यातून तो धावत येतोय, मधेच एक छोटी उडी, मग हात दिसेनासा होतो, आणि थेट तळहातात 'थप्प'. दिवसभर डबा उघडताना, आंघोळीचा तांब्या धरताना तो तळहात ठणकायचा आणि मला बरं वाटायचं. आठवडाभर कोणाचं ना कोणाचं ऐकून घेणारी माणसं आम्ही, 'यल्ला, यल्ला' म्हणत जनावरासारखी हाकलली जाणारी. शुक्रवारी आमच्याकडे असं काहीतरी होतं की समोरच्या कॅम्पचे इंजिनिअरसुद्धा पॅड बांधताना दोनदा थुंकी गिळायचे.

नाव व्हायला वेळ लागला नाही. आसपासच्या कॅम्पमध्ये 'वो लंबा वाला', 'वो कोकन का' अशी ओळख झाली. एका केरळच्या स्वयंपाक्यानं त्याला रोज दोन अंडी जास्त द्यायला सुरुवात केली. गुरुवारी त्याला हलकं काम, टूलरूममध्ये बसायचं. पण शनिवार ते बुधवार मचाणावरच, कारण टीम कंपनीची असली तरी पाइपही कंपनीचेच होते. डोक्यावर हात ताणून तेरा-चौदा किलोचा पाइप धरायचा, क्लॅम्प आवळायचा, पुढचा धरायचा. पाच दिवस तो हात वर, आणि सातव्या दिवशी त्याच हातानं बोलिंग. आज हे लिहिताना मला ते इतकं उघड दिसतं की तेव्हा कसं दिसलं नाही याचंच नवल वाटतं. खरं तर नवल वाटून घ्यायचाही मला अधिकार नाही. दिसलं होतं.

मग उसना बोलर द्यायची पद्धत सुरू झाली. सकाळी लीगचा सामना, जुम्म्याच्या नमाजाआधी संपवायचा. नमाज आणि जेवण झालं की दुपारी दोस्ताना सामना. त्याला ना षटकांचा कोटा ना नियम. ज्या कॅम्पकडे बोलर नाही तो दुसऱ्याकडून मागून घ्यायचा आणि बदल्यात काहीतरी द्यायचा. आमची पट्टी खचली होती तेव्हा काजीभाईंनी शेजारच्या कॅम्पचा रोड रोलर एका दिवसासाठी मिळवला आणि बदल्यात मंगेशला एका दुपारपुरतं देऊन टाकलं. रोलर आला, मंगेश गेला. संध्याकाळी मंगेश परत आला, रोलर परत गेला. आम्ही हसलो. मंगेश तर सगळ्यांत जास्त हसला. म्हणाला, "रोलरपेक्षा मी हलका तरी हाय, टायर नाय लागत माला." त्या दुपारी त्यानं त्या लोकांसाठी एका टोकानं अखंड दहा षटकं टाकली होती.

बाउंड्रीवर घडीची खुर्ची टाकून एक म्हातारा अमेरिकन बसायचा. टेड नाव, वेल्डिंगची तपासणी करणारा. त्याला क्रिकेट कळत नव्हतं, पण मंगेश कळत होता. सामना संपल्यावर मी पॅड सोडत होतो तेव्हा तो आला आणि म्हणाला, "तुमच्या त्या पिचरनं आज नव्वद चेंडू टाकले. मी मोजलेत. तुम्ही मोजता का?" मी म्हटलं, आम्ही विकेट मोजतो. तो हसला नाही. पॅडच्या बॅगेवर बसून त्यानं मला त्याच्या पणजोबांची गोष्ट सांगितली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची. बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपला बोलरच, फक्त टप्पा न पाडता चेंडू फेकणारा. हे पणजोबा कोळशाच्या खाणीच्या गावातले. खाणवाल्यांची टीम होती, आणि त्यांना खाणीत कामाला घेतलं होतं ते हातासाठी. सकाळी एका गावाकडून फेकायचं, दुपारी गाडीत बसून दुसऱ्या गावाकडून. मग शहरातल्या मोठ्या क्लबनं उचललं. तीन मोसम पेपरात नाव आलं. 'लोखंडी हात' म्हणायचे. चौथ्या मोसमात एका सकाळी त्यांना शर्टाच्या कॉलरचं बटण लावता येईना. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. बायको बटण लावून द्यायची आणि हे जाऊन फेकायचे. क्लबच्या लक्षात आलं त्या आठवड्यात घरी जायचं तिकीट हातात ठेवलं. पुढं ते गावच्या मैदानाच्या फाटकावर लोकांची तिकिटं फाडायचे. "मी त्यांना पाहिलं नाही," टेड म्हणाला, "पण घरात त्यांचे जितके फोटो आहेत, सगळ्यांत उजवा हात खिशात आहे."

मी ती गोष्ट खोलीवर येऊन मंगेशला सांगितली, गंमत म्हणून. तो वरच्या बंकवर आडवा होता. म्हणाला, "तेच्या बायकोला म्हायती व्हतं म्हन की." मी म्हटलं, हो. थोड्या वेळानं म्हणाला, "बरी व्हती बाय. रोज बटन लावायची."

जानेवारीच्या सुरुवातीला त्यानं डोकं विंचरायला डावा हात वापरायला सुरुवात केली. मी विचारलं तर म्हणाला, "जरासा खांदा धरलाय, थंडीचा." मग मीठ आणि वाळू तव्यावर भाजून जुन्या मोज्यात भरायची आणि तो मोजा खांद्यावर ठेवायचा, हे रोजचं झालं. खोलीभर मलमाचा आणि जळक्या मोज्याचा वास. त्या शुक्रवारी रेषेवर उभा असताना चेंडू माझ्या पोटाशी आला. पुढच्या षटकात गुडघ्याशी. मी काय केलं असेल? मी एक पाऊल पुढं सरकलो. टाचेनं जुनी रेष पुसली आणि नवी ओढली. सतरा.

कीपरला जे कळतं ते दुसऱ्या कोणाला कळत नाही. फलंदाज घाबरलेला असतो, त्याला जुन्या भीतीवरच अजून चार आठवडे बाद करता येतं. स्लिपवाल्याला कडेनं दिसतं. कप्तान विकेटी बघतो. पण चेंडूची ताकद संपते ती माझ्या हातात. तळहात खोटं बोलत नाही. पुढच्या शुक्रवारी सोळा. मग पंधरा. मग एकदम तेरा. ज्या दिवशी तळहात दुखायचा थांबला त्या दिवशी मला कोणीतरी मेल्यासारखं वाटलं होतं. आणि मी गप्प बसलो.

नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ ठीक. लोकांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला. कीपर स्टंपच्या जवळ उभा राहतो म्हणजे धीट. काजीभाई सगळ्यांसमोर म्हणाले, "सावंतचा काळीज बघा, मंग्याला बारा पावलांवर घेतो!" टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, लाजल्यासारखी. मंगेश बाटलीतलं पाणी पीत होता, डाव्या हातानं. तोही टाळ्या वाजवू लागला, तेव्हा मी दुसरीकडे बघितलं.

का नाही बोललो, याची कारणं माझ्याकडे भरपूर आहेत. नऊ वर्षांत ती घासून घासून गुळगुळीत केली आहेत. कॅम्पच्या दवाखान्यात खांदा दाखवला असता तर आधी विचारलं असतं, कुठं दुखावला? मैदानावर म्हटलं तर तुझी चूक, घरी जा. साइटवर म्हटलं तर त्याहून वाईट, कारण गेटवर मोठा फलक होता, 'अपघाताविना इतके दिवस', आणि तो आकडा कोणाला शून्यावर आणायचा नव्हता. मोठ्या आकड्याला सगळ्या कॅम्पला मंदीचं, म्हणजे अरबी मटण-भाताचं जेवण ठरलं होतं. एका फिटरच्या बोटाला जखम झाली होती, त्यानं आठ दिवस हात खिशात घालून हजेरी लावली. म्हणजे मंगेशच्या खांद्याला दुखायला जागाच नव्हती. ही सगळी कारणं खरी आहेत. पण ती दुसऱ्यांची कारणं आहेत.

माझं कारण माझ्या बंकच्या फळीला चिकटवलेलं होतं. ईशाचा फोटो, दोन वर्षांची, तोंडाला भात लागलेला. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, धंदा लिहिला होता पाइप फिटर, आणि फिटरला बायकापोरं आणता येत नव्हती. सहायक सुपरवायझर लिहून मिळालं तर येत होती. त्यासाठी कंपनीचं पत्र लागायचं आणि पत्रासाठी काजीभाईंचा शब्द. काजीभाई मनानं वाईट नव्हते. पण मोठ्या साहेबाला चषक हवा होता, आणि काजीभाईंनी मला सरळ सांगितलं होतं, "कप आला की साहेबाचा मूड असतो. तेव्हा तुझं पत्र पुढं ठेवतो." मंगेशला हे माहीत होतं. फोटोकडे बघून तो रोज म्हणायचा, "दादा, हिला ह्या मोसमात मी आनतो बघ. मी इकेटी काडतो, तू पत्र काड." आणि फोटोतल्या पोरीला वरच्या बंकवरून डोळा मारायचा.

एकदा बोलणार होतो. फायनलच्या आधीच्या बुधवारी, संध्याकाळी. तो शर्ट काढायला बघत होता आणि हात वर जाईना, शर्ट डोक्यात अडकला. मी उठून तो ओढून काढला. त्याचं तोंड बाहेर आलं, केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी. आम्ही एकमेकांकडे बघितलं. तो वाट बघत थांबला होता हे मला आता कळतं. मी म्हटलं, "शर्ट मोठा घे पुढच्या वेळी."

फायनल त्या थंडीतल्या सगळ्यांत स्वच्छ दिवशी झाली. धुकं नव्हतं, ज्योत लखलखीत दिसत होती. मी अकरा पावलांवर उभा होतो. मंगेशनं वेग सोडूनच दिला होता. तो हात पूर्ण वर न नेता, कोपरातून, कशीतरी चाल बदलून टाकत होता. फलंदाज वेगाची वाट बघत बॅट आधीच फिरवायचे आणि चेंडू उशिरा यायचा. त्यानं पाच विकेटी काढल्या. लोक म्हणाले, काय डोकं आहे! शेवटचा झेल माझ्याकडे आला, अलगद, केळं हातात द्यावं तसा. मी तो घेतला आणि सगळे धावत आले. मंगेशला खांद्यावर उचलायला गेले तेव्हा त्यानं जी किंकाळी फोडली ती आनंदाची आहे असं सगळ्यांना वाटलं. मला तो कप त्याच दिवशी मिळाला. मोठ्या साहेबाचा मूड होता. तीन आठवड्यांत माझं पत्र झालं.

आणि महिन्याभरात पाइप पडला. मचाणाच्या दुसऱ्या टप्प्यावरून, मंगेशच्या हातून. खाली पिवळी पट्टी लावून जागा मोकळी ठेवलेली होती म्हणून कोणी मेलं नाही. पाइप सिमेंटवर आपटून उडाला आणि तो आवाज सगळ्या साइटनं ऐकला. चौकशी बसली. सेफ्टीवाल्यानं मंगेशला म्हटलं, हात वर कर. डावा वर गेला. उजवा छातीपर्यंत येऊन थांबला. त्यानं पुन्हा सांगितलं, वर. मंगेशनं डाव्या हातानं उजवा धरून उचलायचा प्रयत्न केला. मग तो सेफ्टीवालासुद्धा म्हणाला, पुरे.

मला साक्षीला बोलावलं, एका खोलीत राहणारा म्हणून. टेबलावर कागद, त्याच्यावर एकच प्रश्न कामाचा होता : याला दुखापत आहे हे तुम्हाला माहीत होतं का? माहीत होतं म्हटलं असतं, तर सहायक सुपरवायझर असून कळवलं का नाही, हा पुढचा प्रश्न आला असता. पत्र झालं होतं, पण इकाम्यावरचे शिक्के व्हायचे होते. मी लिहिलं, नाही. सही केली. अक्षर चांगलं आलं होतं.

खेळताना दुखापत, कामाला अपात्र, खलास. चार दिवसांत त्याचा परतीचा शिक्का झाला. फलकावरचा आकडा तसाच राहिला आणि मटणाचं जेवणही झालं. दम्मामच्या विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. बॅग ट्रॉलीवर मी चढवली. त्यानं डावा हात पुढं केला, मी उजवा पुढं केला, मग दोघंही गोंधळलो. शेवटी त्यानं डाव्या हातानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "पोर आली की फोटो पाठव."

मी पाठवला नाही. कुठल्या तोंडानं पाठवणार होतो? ईशा आणि तिची आई आल्या, वर्षभरात मी काम बदलून जेद्दाला आलो, नंबर बदलला. तीन वर्षांनी एकदा दुसऱ्याच्या फोनवरून बोललो. इकडचं तिकडचं, आंबा किती आला वगैरे. क्रिकेटचा किंवा ईशाचा विषय दोघांनीही काढला नाही. टेडच्या पणजोबांसारखी माणसं लोक विसरतात ते मला समजतं. लोकांना नवा पिचर हवा असतो. पण त्या क्लबचा एखादा कीपर असेलच ना, बेसबॉलमध्येही चेंडू झेलायला मागं कोणीतरी बसतोच. त्याला तर पहिल्या दिवसापासून कळलं असणार. त्याचं नाव कोणी मला सांगितलं नाही. तो कुठं, कसा जगला, रात्री झोपला का, हे मला त्या पिचरपेक्षा जास्त जाणून घ्यायचं आहे.

गेल्या शुक्रवारी, एसी बंद झाला त्याच सकाळी, लांज्याच्या भाच्यानं व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. खाली हसण्याची चिन्हं. कुठल्याशा सड्यावर टेनिस क्रिकेटचे सामने चाललेत, लाउडस्पीकरवर कोणीतरी किंचाळत समालोचन करतंय, कातळावर रंगीत टोप्या. फलंदाजानं उंच फटका मारला, चेंडू करवंदीच्या जाळ्यांपलीकडे गेला. सिक्सर. आणि कॅमेरा पंचावर गेला. पांढरी टोपी, पोट सुटलेलं. त्यानं एकच हात वर केला, डावा. उजवा पँटच्या खिशात. लाउडस्पीकरवाला ओरडला, "आणि हा आपल्या मंगेशभाऊंचा फेमस एका हाताचा सिक्सर!" आणि सगळी पोरं एकेक हात खिशात घालून दुसरा वर करून नाचायला लागली.

मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते सांगत नाही. भाच्याकडून नंबर घेतला. दुपारचं जेवण झालं होतं, बायको आवरत होती, ईशा आत अभ्यास करत होती. मी गॅलरीत जाऊन फोन लावला. त्यानं आवाज लगेच ओळखला. "दादा! काय म्हनतोस? जिता हायस?"

मी पाठ केलं होतं तसं सगळं एका दमात सांगून टाकलं. पावलं सांगितली. अठरा, सतरा, सोळा, पंधरा, तेरा, बारा, अकरा. मला कळत होतं, मंगेश. पहिल्या दिवसापासून. मी मुद्दाम बोललो नाही. त्या कागदावरही खोटं लिहिलं.

 फोनमध्ये त्याच्या मागं कुठंतरी कोंबडी ओरडत होती.

"माला म्हायती व्हतं रे," तो म्हणाला. "तुजी रेष दिसायची ना. पांढरीफेक. धावायला सुरवात करायच्या आदी मी स्टंप बघायचोच नाय, ती रेष बघायचो. दर शुक्कारी पुडं आल्याली. म्हनायचो, दादाला कळलंय. आज बोलंल. मग तू बोलायचा नाय. म्हटलं, दादा कीपर हाय, समद्यात जास्त तेला कळतं. तो गप हाय म्हंजे अजून चालंल एवडं. तू बस कर म्हनला असतास तर मी बसलो असतो दादा. माला कुनीतरी म्हनायलाच पायजे व्हतं. आपल्या तोंडानं कसं म्हननार मानूस?"

मी डावा तळहात अंगठ्याच्या बुडाशी गॅलरीच्या कठड्यावर दाबून धरला.  

"दादा? हायस ना?"

"आहे."

"तुजी पोर कशी हाय? भात खानारी?" त्यानं विचारलं. "आली का मग ती सौदीला?"

आतून ईशाचा आवाज येत होता, कपातली पेनं खडखडवत ती काहीतरी शोधत होती.

"आली," मी म्हटलं. "त्याच वर्षी."

"बरं झालं," मंगेश म्हणाला, आणि खरंच आनंदानं म्हणाला. "म्हंजे इकेटी वाया गेल्या नायत."